एक देवडी, तीन खोल्या : दुकानाच्या संगणकासाठी 'रिव्हर्स प्रॉक्सी'ची मांडणी

आपल्या जिल्ह्यातील कापडाच्या दुकानात आज संगणकावर केवळ बिल निघत नाही. मालाची यादी, उधारीचे खाते, शिलाईवर दिलेल्या नगांचा हिशेब अशी तीन-चार कामे वेगवेगळ्या प्रोग्रॅमवर चालतात. ती सर्व घरून, प्रवासातून, मोबाइलवर पाहता यावीत असे प्रत्येक दुकानदाराला वाटते. या गरजेपोटी घाईघाईत जी सोय केली जाते तिच्यात मोठा धोका आहे. तो धोका आम्ही स्वतः पत्करला होता आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून 'रिव्हर्स प्रॉक्सी' म्हणजे काय, एकाच दरवाजातून अनेक प्रोग्रॅम कसे चालवावेत आणि त्या दरवाजावर काय काय पाहावे, हे या लेखात क्रमाने सांगत आहोत.

हा लेख संगणकाची पदवी घेतलेल्यांसाठी नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकाचे शब्द आम्ही कानाने ऐकून शिकलो. जे आम्हाला समजले ते कोणत्याही दुकानदाराला किंवा कारागिराला समजू शकते. प्रत्यक्ष काम घरातला मुलगा, भाचा किंवा पगारी माणूस करीत असला, तरी त्याला कोणते प्रश्न विचारायचे हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

आमची आधीची मांडणी

आमचा धाराशिवला कापडाचा ठोक व्यापार आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल, इचलकरंजीचे सुती कापड, मालेगावच्या साड्या असा माल आम्ही आणतो आणि तो तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी येथील किरकोळ दुकानदारांकडे जातो. आमच्याकडे तीन प्रोग्रॅम आहेत. पहिल्याला आम्ही 'माल' म्हणतो. त्यात नव्या मालाचे फोटो आणि भाव असतात. दुसरा 'हिसाब', त्यात प्रत्येक दुकानदाराची उधारी आणि वसुली असते. तिसरा 'कारीगर', परकर, उशांचे अभ्रे वगैरे शिवणाऱ्या शिंप्यांना व घरी काम करणाऱ्या भगिनींना किती नग दिले, किती परत आले आणि मजुरी किती झाली, याची नोंद त्यात होते.

हे तिन्ही प्रोग्रॅम भाड्याने घेतलेल्या एकाच संगणकावर होते. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर दारांचे क्रमांक असतात. या दाराला 'पोर्ट' म्हणतात. आमच्या भाच्याने 'माल'ला ८०८१, 'हिसाब'ला ८०८२ आणि 'कारीगर'ला ८०८३ असे क्रमांक दिले होते. दुकानदारांना आम्ही संगणकाचा पत्ता आणि पुढे हा क्रमांक लिहून देत असू. काम चालत होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

या मांडणीत तीन दोष होते. पहिला दोष सोयीचा. वेबसाठी ठरलेली दारे दोनच आहेत : साध्या मार्गासाठी ८० आणि कुलूपबंद मार्गासाठी ४४३. ब्राउझर आपण होऊन तेथेच जातो. दुसऱ्या कोणत्याही दाराचा क्रमांक हाताने लिहावा लागतो, आणि लिहिताना चुकतो. शिवाय काही कार्यालयांतील नेटवर्क या दोन दारांखेरीज दुसरीकडे जाऊच देत नाही.

दुसरा दोष कुलपाचा. तिन्ही दारे साध्या मार्गाची होती. पासवर्ड जसाच्या तसा वाटेने जात होता. बसस्थानकावर किंवा हॉटेलात फुकटचे वाय-फाय वापरणाऱ्याचा पासवर्ड वाटेत दुसऱ्याने वाचणे शक्य होते.

तिसरा दोष सर्वांत मोठा. तिन्ही प्रोग्रॅमची दारे थेट रस्त्यावर उघडत होती. इंटरनेटवर रात्रंदिवस असे प्रोग्रॅम फिरत असतात, जे पत्त्यामागून पत्ता घेऊन प्रत्येक दार ढकलून पाहतात. त्यांना तुमचे नाव माहीत असण्याची गरज नसते. एके दिवशी भाच्याने 'हिसाब'ची भेटींची नोंद काढली तेव्हा दिसले की रोज रात्री कोणीतरी 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' अशी नावे घालून आत येण्याचा प्रयत्न करीत होते. कोणी आत आले नव्हते, ही मेहेरबानी. पण त्या खात्यात शेकडो दुकानदारांची उधारी आहे. व्यापाऱ्याची उधारी चारचौघांत उघड झाली तर त्याची बाजारातली पत जाते. ज्याची उधारी आपल्या वहीत आहे त्याची अब्रू आपल्याकडे अमानत आहे. जुनी वही आम्ही तिजोरीत ठेवत होतो आणि नवी वही रस्त्यावर ठेवली होती.

देवडी आणि दरबान

मराठवाड्यातील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना देवडी ठाऊक आहे. वाड्यात खोल्या कितीही असोत, रस्त्याकडे दरवाजा एकच. देवडीवर दरबान बसलेला असे. आलेल्या माणसाने कोणाकडे जायचे ते सांगावे, दरबानाने त्याला त्या खोलीकडे न्यावे किंवा परत पाठवावे. आतल्या खोल्यांना रस्त्याकडे दार नसे.

रिव्हर्स प्रॉक्सी हा असाच दरबान आहे. तो ८० आणि ४४३ या दोन दारांवर बसतो. आलेल्याने कोणते नाव घेतले ते पाहतो, त्याची मागणी आतल्या योग्य प्रोग्रॅमकडे नेतो आणि उत्तर आणून बाहेरच्याला देतो. बाहेरचा माणूस आतल्या प्रोग्रॅमशी कधीच थेट बोलत नाही.

याला 'रिव्हर्स', म्हणजे उलटा, का म्हणतात? भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे गावोगावी सायबर कॅफे निघाले. तेथे एक जोडणी आणि आठ-दहा संगणक असत. सर्वांच्या वतीने बाहेर जाणारा एक मध्यस्थ प्रोग्रॅम असे, तो प्रॉक्सी. तो आतल्या माणसांच्या वतीने बाहेर बोलत असे. आपला दरबान बाहेरून येणाऱ्यांना आत नेतो. दिशा उलटी, म्हणून रिव्हर्स प्रॉक्सी.

एका पत्त्यावर अनेक नावे

आता प्रश्न असा की पत्ता एक, दार एक. मग 'माल' हवा की 'हिसाब' हवा हे दरबानाला कसे कळते? याचे उत्तर जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत आहे. त्या नियमाप्रमाणे ब्राउझरला प्रत्येक मागणीसोबत 'होस्ट' या मथळ्याखाली आपल्याला कोणते नाव हवे ते लिहावे लागते. पत्रावर गावाबरोबर माणसाचे नाव लिहावे, तसे हे आहे.

कुलूपबंद मार्गात मात्र एक अडचण होती. तेथे कुलूप आधी लागते आणि पत्र नंतर उघडते. मग कोणत्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावे? २००३ मध्ये यावर उपाय निघाला. कुलूप लावण्याच्या बोलणीतच ब्राउझर नाव सांगू लागला. त्याला 'एसएनआय' म्हणतात. त्यामुळे आज एकाच पत्त्यावर कितीही नावे कुलपासह चालू शकतात.

याची गरजही मोठी होती. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिक विभागात पत्ते वाटणाऱ्या संस्थेचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या टप्प्यावर आला आणि तेव्हापासून वाटप काटकसरीने होते. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा पत्ता घेणे लहान व्यापाऱ्याला परवडणारे नाही आणि त्याची जरुरीही नाही.

हे काम करणारे अनेक प्रोग्रॅम मोफत मिळतात. सर्वांत जास्त नाव 'एन्जिनएक्स'चे आहे. रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी तो लिहिला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. 'अपाची'मध्येही ही सोय आहे. 'एचएप्रॉक्सी' आणि 'कॅडी' हेही चांगले आहेत. 'कॅडी' तर प्रमाणपत्रे आपण होऊन आणतो. आम्ही एन्जिनएक्स घेतला, म्हणून पुढील पायऱ्या त्याच्या आहेत. यंत्रात सर्व शब्द आणि अंक इंग्रजीतच लिहावे लागतात. येथे आम्ही त्यांचा उच्चार दिला आहे.

मांडणीच्या पायऱ्या

१. आधी कागद. संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने काढा : बाहेरचे नाव, आतला क्रमांक, कोणाला परवानगी. आमचा कागद असा होता :

माल — ८०८१ — सर्व दुकानदार
हिसाब — ८०८२ — फक्त आम्ही आणि मुनीम
कारीगर — ८०८३ — आम्ही आणि नग वाटणारी दोन माणसे

हा कागद नसेल तर पुढचे सर्व अंदाजाने होते.

२. नावे. आपण एक नाव विकत घेतलेले असते. त्याच्या आधी टिंब देऊन 'माल', 'हिसाब', 'कारीगर' अशी उपनावे करता येतात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. नावांच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, तिन्ही उपनावांपुढे एकच पत्ता लिहावा. ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह देवनागरीत 'डॉट भारत' अशी नावेही मिळतात. ज्यांनी तसे नाव घेतले असेल त्यांनी लक्षात ठेवावे की एन्जिनएक्सच्या फाइलीत ते देवनागरीत लिहून चालत नाही. त्याचे इंग्रजी अक्षरांतील सांकेतिक रूप लिहावे लागते.

३. आतल्या खोल्यांची रस्त्याकडची दारे बंद करणे. तिन्ही प्रोग्रॅमना फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकण्यास सांगावे. हा पत्ता म्हणजे 'या संगणकाच्या आतूनच'. त्याशिवाय फायरवॉलमध्ये ८०, ४४३ आणि संगणक सांभाळण्यासाठी लागणारे दार एवढीच उघडी ठेवावीत. प्रोग्रॅम 'डॉकर'मध्ये चालत असेल तर येथे फसगत होते. डॉकरने उघडलेला पोर्ट लिनक्समधील नेहमीच्या 'यूएफडब्ल्यू' फायरवॉलला वळसा घालून बाहेर येऊ शकतो. म्हणून डॉकरला क्रमांक देतानाच पुढे १२७.०.०.१ लिहावे. नंतर मोबाइलवरून जुन्या क्रमांकाने उघडून पाहावे. उघडले नाही तरच पायरी पुरी झाली असे समजावे.

ही पायरी अनेक जण विसरतात. देवडी बांधली आणि मागची तीन दारे उघडीच राहिली, तर देवडीचा उपयोग काय?

४. दरबानाची यादी. एन्जिनएक्समध्ये प्रत्येक नावासाठी 'सर्व्हर' नावाचा एक कप्पा लिहितात. त्यात 'सर्व्हर नेम'पुढे बाहेरचे नाव आणि 'प्रॉक्सी पास'पुढे आतला पत्ता व क्रमांक लिहायचा. तीन नावांचे तीन कप्पे. प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवली तर दुरुस्ती सोपी जाते.

५. सोबतची चिठ्ठी. दरबान मागणी आत नेतो तेव्हा आतल्या प्रोग्रॅमला मागणी दरबानाकडूनच आली असे दिसते. मूळ माणूस कोण, त्याने कोणते नाव घेतले आणि तो कुलूपबंद मार्गाने आला का, हे चिठ्ठीत लिहून द्यावे लागते. 'होस्ट', 'एक्स फॉरवर्डेड फॉर' आणि 'एक्स फॉरवर्डेड प्रोटो' या त्या तीन ओळी.

चिठ्ठी नसली तर काय होते, याचा आमचा अनुभव सांगतो. 'कारीगर'मध्ये पाच वेळा चुकीचा पासवर्ड घातला की तो पत्ता तासभर बंद होण्याची सोय आहे. नग वाटणाऱ्या एका मुलाने पाच वेळा चूक केली. प्रोग्रॅमला सगळेच १२७.०.०.१ वरून आलेले दिसत होते. त्याने तो पत्ता बंद केला आणि एकाच्या चुकीने सर्वांचे काम थांबले. शनिवारी मजुरी वाटायची होती. भगिनी तासभर दारात बसून राहिल्या.

मात्र ही चिठ्ठी बाहेरचा माणूसही खोटी लिहून आणू शकतो. म्हणून आतल्या प्रोग्रॅमने फक्त आपल्या दरबानाचीच चिठ्ठी खरी मानावी, अशी नोंद त्याच्या सेटिंगमध्ये करावी.

६. कुलूप. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था प्रमाणपत्रे मोफत देते. २०१५ च्या अखेरीस तिची सेवा सर्वांना खुली झाली. 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्रॅम ती आणून एन्जिनएक्समध्ये बसवतो. कुलूप देवडीवरच लागते, आतल्या तीन प्रोग्रॅमना वेगवेगळे लावावे लागत नाही. एका दरवाजाचा हा मोठा फायदा आहे.

७. अनोळखी पाहुणा. यादीत नसलेले नाव घेऊन किंवा नुसता पत्ता घालून कोणी आला तर काय? वेगळी सूचना नसेल तर एन्जिनएक्स अशा माणसाला पहिल्या कप्प्यात नेऊन बसवतो. आमची येथेच चूक झाली. सोबत आलेली नमुन्याची फाइल निरुपयोगी समजून आम्ही काढून टाकली होती. उरलेल्या फाइली इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वाचल्या जातात. त्या क्रमात 'हिसाब' हा 'कारीगर' आणि 'माल' यांच्या आधी येतो. परिणामी कोणीही नुसता पत्ता घातला की त्याच्यासमोर थेट उधारीच्या खात्याचे दार उभे! म्हणून एक स्वतंत्र कप्पा करून त्यावर 'डिफॉल्ट सर्व्हर' असे लिहावे आणि त्यात येणाऱ्याला काहीही न देता परत पाठवावे. ४४३ या दारासाठीही अशीच सोय करावी.

८. तपासणी. फाइल बदलल्यावर लगेच प्रोग्रॅम बंद-चालू करू नये. आधी 'एन्जिनएक्स'पुढे 'वजा टी' हा आदेश द्यावा. फाइलीत व्याकरणाची चूक असेल तर ओळ क्रमांकासह ती दिसते. सर्व ठीक असेल तर 'रीलोड' करावे. रीलोडमध्ये चालू असलेले काम तुटत नाही.

उपनाव घ्यावे की एकाच नावापुढे रेघ?

काही जण तीन उपनावे न करता एकाच नावापुढे तिरकी रेघ देऊन 'माल', 'हिसाब' असे लिहितात. हेही करता येते, पण आमचा सल्ला उपनावांचाच आहे. पुष्कळ प्रोग्रॅम आपण नावाच्या मुळाशीच आहोत असे समजून आपले दुवे तयार करतात. रेघेमागे बसवले की फोटो दिसत नाहीत, बटणे चालत नाहीत. 'प्रॉक्सी पास'च्या शेवटी एक रेघ जास्त किंवा कमी झाली तरी मागणी भलतीकडे जाते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एकाच नावाखालच्या प्रोग्रॅमना ब्राउझर एकाच घरातले समजतो. मग 'माल'मध्ये एखादे छिद्र राहिले तर त्यातून 'हिसाब'पर्यंत पोहोचणे सोपे जाते. सर्वांसाठी उघडा असलेला प्रोग्रॅम आणि चार जणांपुरता असलेला प्रोग्रॅम यांची नावे वेगळीच असावीत.

रमजानातील पंधरावा रोजा

आता आमच्या सर्वांत महाग चुकीविषयी. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. सर्टबॉट मुदतीच्या सुमारे ३० दिवस आधीपासून ते नवे करण्याचा प्रयत्न करतो. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी संस्थेचा संगणक ८० या दारावर येऊन खात्री करतो की नाव खरोखर आपलेच आहे.

डिसेंबर २०२४ च्या मध्याला आमचे प्रमाणपत्र नवे झाले. त्यानंतर काही दिवसांनी, आता सर्व जण ४४३ वरूनच येतात, मग ८० कशाला उघडे ठेवायचे, असा विचार करून आम्हीच ते बंद करविले. सुरक्षितता वाढली असे वाटले. फेब्रुवारीपासून नूतनीकरणाचा प्रयत्न रोज होत होता आणि रोज फसत होता. सूचनेचे ईमेल आले होते, पण ज्या पत्त्यावर आले तो कोणी उघडत नव्हते.

मार्च २०२५ मध्ये, पंधराव्या रोज्याच्या संध्याकाळी, मुदत संपली. ईदच्या खरेदीचे दिवस. तालुक्यांतील दुकानदार तराहवीनंतर निवांत बसून मोबाइलवर माल पाहतात आणि मागणी नोंदवतात. त्या रात्री प्रत्येकाच्या पडद्यावर 'ही जागा सुरक्षित नाही' असा इशारा आला. तिन्ही नावे एकाच प्रमाणपत्रावर होती, म्हणून 'हिसाब' आणि 'कारीगर'ही अडले. सकाळी फोन सुरू झाले. काहींनी विचारले, "तुमच्या दुकानाला काही झाले का?" काहींनी विचारलेही नाही, त्यांनी दुसरीकडून माल उचलला. दोष शोधायला दीड दिवस गेला आणि दुरुस्तीला दहा मिनिटे लागली.

यातून तीन नियम आम्ही केले. ८० चे दार उघडे ठेवावे. त्यावरून येणाऱ्याला ४४३ कडे वळवावे, पण नूतनीकरणाची वाट मोकळी असावी. सर्टबॉटला 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीम करण्याचा आदेश असतो, तो फायरवॉलमधील प्रत्येक बदलानंतर द्यावा. आणि प्रमाणपत्राची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या सूचनांचे ईमेल पाठवणेच बंद केले आहे. पुढे तर मुदती आणखी आखूड होणार आहेत. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरविल्याप्रमाणे कोणत्याही प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसच राहील. हाताने नवे करण्याचे दिवस संपले. यंत्राकडूनच करवून घ्यावे आणि यंत्रावर नजर ठेवावी.

आकड्यांची भाषा

काही बिघडले की पडद्यावर तीन अंकी आकडा येतो. त्याला घाबरू नये. तो दरबानाचा निरोप असतो.

५०२ म्हणजे दरबान जागा आहे, पण आतला प्रोग्रॅम बंद पडला आहे किंवा क्रमांक चुकला आहे. एन्जिनएक्सला दोष न देता आतला प्रोग्रॅम पाहावा.

५०४ म्हणजे आतून वेळेत उत्तर आले नाही. एन्जिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो. वर्षअखेरचा मोठा अहवाल काढताना हे होते. वेळ वाढवता येते, पण अहवाल इतका वेळ का घेतो हेही पाहावे.

४१३ म्हणजे पाठवलेली वस्तू दारातून मावत नाही. मुळात मर्यादा १ एमबीची असते आणि मोबाइलने काढलेला साडीचा फोटो बहुधा त्याहून मोठा असतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' या ओळीत ती १० एमबी करावी.

पान सारखे फिरत राहिले आणि ब्राउझरने 'फार वेळा वळवले' अशी तक्रार केली, तर बहुधा पाचव्या पायरीतील 'प्रोटो'ची ओळ राहिलेली असते. आतला प्रोग्रॅम म्हणतो कुलपाने ये, दरबान म्हणतो तो कुलपानेच आला आहे, आणि दोघे एकमेकांकडे ढकलत राहतात.

जुने नाव, नवे नाव

आपल्या शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि जिल्ह्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. अनेक दुकानांच्या वेब पत्त्यात उस्मानाबाद हे नाव होते. कोणी नवे नाव घेतले असेल, कोणी घेणार असेल. अशा वेळी जुने नाव सोडून देऊ नये. जुनी बिले, पाट्या आणि दुकानदारांच्या मोबाइलमध्ये जुनेच नाव आहे. सोडलेले नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो आणि तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने फसवू शकतो.

दरबानाला जुन्या नावाचा एक कप्पा द्यावा आणि येणाऱ्याला नव्या नावाकडे वळवावे. कायमच्या वळणाचा आकडा ३०१, तात्पुरत्याचा ३०२. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, म्हणून आधी ३०२ लावून आठवडाभर पाहावे आणि मगच ३०१ करावे. जुन्या नावाचे प्रमाणपत्रही चालू ठेवावे, नाहीतर वळण येण्याआधीच इशारा येतो.

देवडी काय करीत नाही

रिव्हर्स प्रॉक्सी लावला म्हणजे सर्व सुरक्षित झाले, असे समजू नये. आतल्या प्रोग्रॅमचा पासवर्ड '१२३४५६' असेल तर दरबान चोराला अदबीने आतच नेईल. 'हिसाब'सारख्या कप्प्यावर दरबानाकडून दुसरा पासवर्ड मागवावा किंवा ठराविक पत्त्यांनाच वाट द्यावी. एका पत्त्यावरून मिनिटाला किती मागण्या घ्याव्यात याची मर्यादाही घालता येते.

भेटींची नोंद जपावी. उबंटूवर एन्जिनएक्सच्या नोंदी मुळात १४ दिवसांनी पुसल्या जातात. चोरी तीन आठवड्यांनी लक्षात आली तर पाहायला काही उरत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या व सेवा पुरवठादारांना नोंदी १८० दिवस ठेवण्यास सांगितले आहे. आपणही तोच आकडा धरावा.

दरवाजा एक झाला की तो अडला तर सर्वच अडते, हे आम्ही रमजानात पाहिले. म्हणून एन्जिनएक्सच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. आतला प्रोग्रॅम दुकानातल्या संगणकावर असेल आणि लाइट गेली, तर नुसता ५०२ दाखवण्याऐवजी "वीज नसल्याने सेवा थोडा वेळ बंद आहे" असे मराठी पान दाखवण्याची सोय दरबानाकडे असते. ग्राहकाला कारण कळले तर तो थांबतो.

मालकाने विचारायचे प्रश्न

वरील सर्व लक्षात राहिले नाही तरी काम करणाऱ्याला पुढील सहा प्रश्न विचारावेत. आतल्या प्रोग्रॅमपर्यंत दरवाजा सोडून दुसरी वाट आहे का? नुसता पत्ता घातला तर काय दिसते? मूळ पाहुण्याचा पत्ता आत पोहोचतो का? प्रमाणपत्राची मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाची तालीम कधी केली? नोंदी किती दिवस राहतात? फाइलींची प्रत कोठे आहे?

उत्तर तोंडी घेऊ नये. आपल्या मोबाइलवर, आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवायला सांगावे. आम्ही हे प्रश्न आमच्या वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत लिहून ठेवले आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दुकान उघडण्यापूर्वी, भाच्यासमोर बसून एकेक तपासतो. या कामाला अर्धा तास लागतो.